आवाज वाढवण्याआधी

घरात एखादी वस्तू घ्यायची ठरली की आपल्याकडे पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा कंपनीचा. कुणासाठी घ्यायची, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर ठाऊकच आहे असे आपण धरून चालतो. या वर्षी आमच्या घरात हेडफोनला जोडायच्या एका लहानशा यंत्राचा विषय निघाला, तेव्हा हाच प्रश्न सगळ्यांत अवघड ठरला. यंत्र एक होते आणि ते मागणारे दोघे होते. एक अमरावतीत अकरावीत शिकणारा आमचा मुलगा, आणि दुसरे अकोल्यात राहणारे त्याचे दादा, म्हणजे आमचे अब्बा.

मुलाचे कारण सरळ होते. त्याच्या चाचांनी रियाधहून येताना त्याला कान पूर्ण झाकणारा, तारेचा मोठा हेडफोन आणला होता. नव्या मोबाईलला गोल पिनेचे भोकच नाही. बाजारातून सी-टाइपची एक छोटी पिन आणून त्याने हेडफोन जोडला, तर आवाज आला, पण अगदी हळू. तो तजवीद शिकतो. कारी महमूद खलील अल-हुसरी यांची शिकवण्यासाठी केलेली तिलावत ऐकायची, थांबवायची, आपण म्हणून पाहायची, हा त्याचा मगरिबनंतरचा नेम. अभ्यास आटोपला की गझल. सुरेश भट अमरावतीचे, भीमराव पांचाळे याच जिल्ह्यातले, त्यामुळे ती गोडी घरात आधीपासूनच आहे. मित्रांनी त्याला सांगितले की अशा हेडफोनला 'डॅक' आणि 'अॅम्प' एकत्र असलेली खिशात मावणारी डबी लागते. त्याने शोधलेली डबी साडेसात हजारांची होती. तीन वर्षांची ईदी त्याने त्यासाठी जपून ठेवली होती.

अब्बांचे कारण वेगळे होते. त्यांनी तीस वर्षे जिनिंगमध्ये फिटर म्हणून काम केले. फज्रनंतर कारी अब्दुल बासित यांची तिलावत ऐकणे ही त्यांची जुनी सवय. पूर्वी टेपवर ऐकत, आता मोबाईलवर. नातवाच्या डबीची गोष्ट त्यांना फोनवर कळली. ते म्हणाले, "माझ्यासाठीही एक पाहा. आवाज येतो, पण हुरूफ येत नाहीत."

हे वाक्य आम्ही तेव्हा ऐकले. त्याचा अर्थ कळायला पुढे बरेच दिवस जावे लागले.

आधी यंत्र काय करते ते समजून घेतले. मोबाईलमध्ये आवाज साठवलेला नसतो, आकडे साठवलेले असतात. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हा एका सेकंदाला ४४,१०० आकडे, असे माप ठरले. या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करणारा भाग म्हणजे डॅक. त्या लहरीला जोर देणारा भाग म्हणजे अॅम्प. हेडफोनमधला पडदा त्या जोराने हलतो आणि हवा हलवतो. हे दोन्ही भाग प्रत्येक मोबाईलमध्ये असतातच, नाहीतर त्याचा स्पीकर बोलला नसता. २०१६ मध्ये आयफोनने गोल भोक काढून टाकले, मग हळूहळू इतरांनीही काढले. त्यामुळे तारेच्या हेडफोनसाठी लागणारा डॅक मोबाईलच्या बाहेर, त्या छोट्या पिनेत आला. ब्लूटूथच्या इअरफोनमध्ये डॅक आणि अॅम्प त्यांच्या पोटातच असतात. त्यांच्यासाठी वेगळी डबी घेऊन काही उपयोग नाही.

राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आमची पिन हातात घेतली आणि विचारले, "हे कायले वापरता सर? साधी पिन आन् चिपवाली पिन, दोन्ही दिसाले सारख्याच रायतात." मग त्याने समजावले. काही पिनांमध्ये नुसती तार असते. मोबाईल स्वतःच त्या भोकातून तयार आवाज बाहेर देत असेल तरच त्या चालतात. काहींमध्ये लहानशी चिप, म्हणजे खरा डॅक असतो. त्या चिपांतही जोर कमी-जास्त असतो. आमच्या पिनेत चिप होती, पण अशक्त. त्याने नऊशे रुपयांची दुसरी पिन लावून दिली. तिच्या खोक्यावर एक व्होल्ट असे लिहिले होते. मुलाने ऐकले, आणि आवाज पुरेसा आला हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले. तरी तो म्हणाला, "पण त्या डबीत अजून येईल."

आम्ही घरी येऊन वही काढली. हेडफोनच्या कागदावर दोन आकडे असतात. एक ओम, म्हणजे विजेला होणारा अडथळा. दुसरा, एक मिलिवॉट वीज दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो तो. आपल्या हेडफोनचे आकडे होते २५० ओम आणि ९६ डेसिबल. दहावीच्या विज्ञानातले सूत्र पुरते: व्होल्टचा वर्ग भागिले ओम. अर्धा व्होल्ट मिळाला तर बरोबर एक मिलिवॉट, म्हणजे ९६ डेसिबल. एक व्होल्ट मिळाला तर वीज चौपट होते आणि आवाज ६ डेसिबलने वाढून १०२ होतो. हा टोकाचा आवाज. तिलावत किंवा गाणे सरासरीने त्याच्या पंधरा-वीस डेसिबल खाली चालते. म्हणजे नऊशेच्या पिनेवर आवाज पूर्ण वाढवला तर सरासरी ८२ ते ८७.

मग मुलाने साडेसात हजारांच्या डबीचे गणित स्वतःच मांडले. तिचा जोर दोन व्होल्टांचा. टोक १०८ वर गेले. आठवीतल्या त्याच्या बहिणीने आपला ३२ ओमचा साधा इअरफोन त्याच डबीला लावला तर काय होईल, हेही त्याला काढायला सांगितले. त्या इअरफोनचा आकडा १०५ होता. उत्तर १२० च्या वर आले. ते पाहून तो गप्प झाला. घरात आलेले यंत्र एकट्याचे राहत नाही, हे मोठ्या भावाला वेगळे सांगावे लागत नाही.

हे आकडे भीतीसाठी मांडले नाहीत. त्यांच्यामागे एक साधा हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे मोठ्या माणसाने सरासरी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकले तर चालते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० ला फक्त ४ तास. मुलांसाठी ८० ऐवजी ७५ धरायला सांगितले आहे. याच संघटनेच्या अंदाजाने जगातल्या १०० कोटींहून अधिक तरुणांच्या कानांना ऐकण्याच्या सवयींमुळे धोका आहे. मोबाईल कधीकधी आवाज जास्त असल्याचा इशारा देतो, पण त्या तारेच्या पलीकडे कोणता हेडफोन आहे हे त्याला ठाऊक नसते. तो हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो.

खोक्यावरचे दुसरे आकडेही मुलाला मोहात पाडत होते. ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ. माणसाचा निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, आणि वयाबरोबर वरची बाजू खाली येते. २०,००० पर्यंतचा आवाज पकडायला सेकंदाला त्याच्या दुपटीहून थोडे अधिक आकडे पुरतात. म्हणूनच सीडीचे माप ४४,१०० ठरले. त्यापुढचे आकडे कान घेत नाही. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणात जे नाही ते कोणतीही डबी आणून देत नाही. हुसरींची संपूर्ण कुरआनची तिलावत १९६१ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन लोकांपर्यंत आली, आणि अशी ती पहिलीच. अब्दुल बासित यांची १९८८ मध्ये वफात झाली. त्यांच्या बऱ्याच मैफिली टेपवरच्या आहेत. त्यांत श्रोत्यांची दाद आहे, टेपची सरसर आहे. ती सरसर महागड्या यंत्रावर उलट जास्त स्पष्ट ऐकू येते.

एक गोष्ट वऱ्हाडापुरती. स्वतःची बॅटरी असलेली डबी घ्यायची तर आपल्या उन्हाचा विचार करावा. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. बंद गाडीत किंवा एसटीच्या खिडकीशी ठेवलेली बॅटरी लवकर खराब होते, क्वचित फुगतेही. बॅटरी नसलेली पिन मोबाईलमधूनच वीज घेते. मोबाईल थोडा लवकर उतरतो, पण ही काळजी राहत नाही.

इथपर्यंत मुलाचा प्रश्न सुटत आला होता. अब्बांचा तसाच होता. त्यांच्या मागणीत 'आवाज येतो' हे होतेच. मग आवाज वाढवून काय मिळणार?

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दू बोलताना से, सीन आणि स्वाद या तिन्ही अक्षरांचा उच्चार आपण एकाच 'स'ने करतो, फरक फक्त लिहिताना. म्हणून मुले इमल्यात चुकतात आणि आपण त्यांना शब्द पाठ करायला लावतो. तिलावतीत मात्र हा फरक जिभेवर आणि कानावर यावा लागतो. 'कौसर'मधला से वेगळा, 'इख्लास'मधला स्वाद वेगळा. से आणि सीन यांतला फरक हा फार बारीक सळसळीचा फरक आहे, आणि ती सळसळ उंच पट्टीत, काही हजार हर्ट्झच्या वर असते. बोलण्याचा जोर खालच्या पट्टीत असतो, शब्दांची धार वरच्या पट्टीत. वय झाले की आधी वरची पट्टी जाते. यंत्रांच्या गोंगाटात वर्षे काढली तर सगळ्यांत आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे जाते. अब्बांच्या वाट्याला दोन्ही आले होते. जिनिंगमध्ये कानांत बोळे घालायची पद्धत त्यांच्या काळात नव्हती.

पुढच्या रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. मुलगा हेडफोन आणि नवी पिन घेऊन आला होता. अब्बांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, थोड्या वेळाने काढून ठेवला. "मोठा आहे. साफ नाही." मग जेवायला बसलो. त्या दिवशी दस्तरखानावर आम्ही जरा लक्ष देऊन पाहिले. सगळे हसले की अब्बा अर्ध्या क्षणाने हसतात. सून डावीकडून काही विचारते, ते उजवीकडे पाहून मान हलवतात. मुलीने शाळेतली एक लांब गोष्ट सांगितली. शेवटी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माशाअल्लाह." गोष्ट तिचा पेपर अवघड गेल्याची होती. मुलगी काही बोलली नाही, ताटाकडे पाहत राहिली.

जुम्याचा खुत्बा आता कळत नाही, म्हणून ते अगदी जमाअतीच्या वेळेला मशिदीत पोचतात, हे अम्मीने नंतर स्वयंपाकघरात सांगितले. असरनंतर मित्रांबरोबर बसणेही त्यांनी बंद केले होते. "म्हणतात, सगळे पुटपुटतात."

कान तपासायचा विषय काढला तेव्हा ते रागावले. चष्मा त्यांनी चाळिशीतच लावला होता, त्याची कधी लाज वाटली नाही. कानाच्या मशीनची मात्र वाटते. मशीन लावलेल्या माणसाला लोक बहिरा म्हणतात, हेडफोन लावलेल्याला शौकीन म्हणतात. त्यांना नातवाचीच डबी का हवी होती, ते आम्हाला तेव्हा कळले.

त्यांना तपासणीपर्यंत मुलाने आणले. तो म्हणाला, "दादा, माझ्या हेडफोनचा कागद आम्ही वाचला, तेव्हा कळलं त्याला काय लागतं. तुमच्या कानांचा कागदच नाही आपल्याकडे." अब्बा फिटर माणूस. मोजमापाशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, हे त्यांनीच त्याला शिकवलेले. दुसऱ्या आठवड्यात ते आले.

कानाच्या डॉक्टरांनी आधी मळ आणि पडदा पाहिला. ते पाहणे आवश्यक असते, कारण कधीकधी नुसता मळ काढला तरी फरक पडतो. मग बंद खोलीत हेडफोन लावून एकेक सूर ऐकवला आणि कागदावर रेघ काढून दिली. खालच्या पट्टीत रेघ जवळजवळ ठीक. २,००० हर्ट्झपासून उतरायला लागली आणि ४,००० ला ६५ डेसिबलवर गेली. श्रवणतज्ज्ञ बाईंनी समजावले ते असे: हेडफोनचा अॅम्प सगळ्या पट्ट्या सारख्याच वाढवतो. यांना वरची पट्टी ऐकू येईल इतका आवाज केला तर खालची पट्टी कानावर आदळेल आणि उरलेसुरले ऐकणेही झाकेल. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, म्हणून जास्त आवाजाने नुकसान वाढेल ते वेगळेच. श्रवणयंत्र या रेघेप्रमाणे बसवतात. जिथे कमी आहे तिथेच वाढवते, मोठा आवाज आला तर आपोआप दाबते. शिवाय ते मोबाईलचा आवाज देऊन थांबत नाही, समोरच्या माणसाचा आवाज देते.

हे शेवटचे वाक्य आमच्यासाठी निर्णायक ठरले. अब्बांना डबी घेऊन दिली असती तर तिलावत कदाचित थोडी मोठी झाली असती. पण दोन्ही कान झाकून ते घरातल्या घरात आणखी दूर गेले असते. त्यांचे जे हरवत चालले होते ते मोबाईलमध्ये नव्हते. ते दस्तरखानावर होते, मशिदीत होते, असरनंतरच्या बैठकीत होते.

पैशांचा भाग सांगतो, कारण तो प्रत्येक घरात येतो. एका कानाचे साधे डिजिटल यंत्र १८ हजारांना पडले. दोन्ही कानांना लावणे चांगले, असे सांगितले होते. आम्ही सध्या एकच घेतले. ज्यांना हेही जमत नाही त्यांनी खचून जाऊ नये. राष्ट्रीय वयोश्री योजनेत ६० वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा महिन्याला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना गरजेप्रमाणे श्रवणयंत्र मोफत मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वर्षाला दोन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात अशा साधनांसाठी ३ हजार रुपये येतात. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहे. तपासणीचा कागद हातात असला की पुढचे सगळे सोपे जाते.

मुलाने नऊशेची पिन घेतली. मोबाईलमध्ये आवाजाची मर्यादा लावून घेतली आणि बहिणीच्या मोबाईलमध्येही लावून दिली. उरलेली ईदी त्याने दादांच्या यंत्रात घालायची म्हटली, ती आम्ही घेतली नाही. बारावीनंतर त्याला पुन्हा त्या डबीचा विचार करायचा असेल तर त्याने खुशाल करावा. चांगले ऐकण्याची आवड हा काही इसराफ नाही. गरज मोजण्याआधी पैसे ओतणे हा इसराफ होतो. सूरह बनी इस्राईलमध्ये कानाबद्दलही विचारणा होणार असल्याचे बजावले आहे. आजवर आम्ही त्याचा अर्थ 'काय ऐकले' इतकाच घेत होतो. कान ही अमानत असेल तर ती कशी वापरली आणि कशी सांभाळली, हेही त्यात आलेच.

पहिले पंधरा दिवस अब्बांनी यंत्राला नावे ठेवली. भांडी आदळतात, पंखा भुणभुणतो, आपलाच आवाज परका वाटतो. दोनदा जाऊन ते जुळवून आणले. असे होतेच. वर्षानुवर्षे न आलेले आवाज एकदम येतात, तेव्हा मेंदूला ते पुन्हा शिकावे लागतात. बरेच जण याच दिवसांत यंत्र कपाटात ठेवून देतात. घरच्यांनी याच दिवसांत सोबत राहायला हवे. समोर बसून बोलावे, ओरडू नये, एका वेळी एकाने बोलावे.

गेल्या महिन्यात मुलगा त्यांना सबक ऐकवत होता. सूरह कौसर, लहानपणापासून पाठ असलेली. अब्बांनी हात वर करून थांबवले. "सीन म्हणालास. से आहे. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लाव." त्याने पुन्हा म्हटले. त्यांनी पुन्हा थांबवले. चौथ्यांदा मान हलवली.

बाजारात जाताना ते अजूनही यंत्र काढून खिशात ठेवतात. त्यावर आम्ही काही बोलत नाही. मशिदीत मात्र आता लवकर जातात, आणि जुम्याला घरी आल्यावर खुत्ब्यात काय होते ते जेवताना सांगतात.